गाडीच्या हिशेबातून गळालेल्या दोन रकमा

सदाशिव पेठेत एखाद्या घरी पहिली मोटार येते तो दिवस त्या घराच्या दृष्टीने लहानसा सणच असतो. चाकाखाली लिंबू ठेवले जाते, बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक उमटते, शेजारीपाजारी पेढे पोचतात. ज्या घरातील आजोबांनी सायकलवर सारी नोकरी काढली आणि वडिलांनी बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिली, त्या घराला हा आनंद करण्याचा पूर्ण अधिकार आहे. मध्यमवर्गीयांच्या मोटारीला नाके मुरडण्याची एक जुनी रीत आहे. तिच्यात शहाणपणापेक्षा दांभिकपणाच अधिक. वृद्ध आईला अपरात्री रुग्णालयात न्यावयाचे असते, मुलीचे काम रात्री उशिरा सुटते, गणपतीला कोकणात जाताना चौघांची तिकिटे एकत्र मिळत नाहीत. तेव्हा मोटार घ्यावी की घेऊ नये, हा येथे प्रश्नच नाही. ज्या पेठेत दुधाचा आणि वाण्याचा हिशेब वहीत पैशापैशाने मांडला जात असे, त्याच पेठेत मोटारीचा हिशेब इतका ढिला कसा राहतो, हा प्रश्न आहे.

हिशेब प्रथम घरापुरता मांडून पाहावा. एखादे शिक्षक दांपत्य सहा लाख रुपयांची लहान पेट्रोल गाडी घेते असे धरू. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील कर अठ्ठावीस टक्के व अधिभार यांवरून अठरा टक्क्यांवर आला, त्यामुळे अशी गाडी आवाक्यात आल्यासारखी वाटते. पण जाहिरातीतील किंमत ही केवळ प्रारंभीची रक्कम होय. राज्याचा एकरकमी वाहनकर अकरा टक्के, म्हणजे सहासष्ट हजार. नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा निराळा. हे सारे धरून गाडी दारात येईपर्यंत सात लाखांचा आकडा गाठते. त्यांपैकी पाच लाख नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी काढले, तर महिन्याचा हप्ता सुमारे दहा हजार चारशे रुपये येतो आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या घरात जाते. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणे झाले तर शहरातील गर्दीत साडेतीन हजारांचे पेट्रोल लागते. २०२१ साली पुण्यात पेट्रोलने लिटरला शंभरी ओलांडली, हे कोणी विसरलेले नाही. पुढील वर्षांचे विमे, सर्व्हिसिंग, टायर, रोज सकाळी गाडी पुसणाऱ्याचे पैसे मिळून वर्षाला पंचवीस हजार धरले तरी ते काटकसरीचेच म्हणावे लागतील. पाच वर्षे भरत आली की विमा कंपनीच्या कोष्टकातही गाडीचे मूल्य निम्मे मानले जाते. तेव्हा ती विकून तीन लाख हाती आले असे समजू. तीस हजार किलोमीटरच्या या संसाराचा एकूण खर्च साडेआठ लाखांवर जातो, म्हणजे किलोमीटरला सुमारे साडेअठ्ठावीस रुपये. १ सप्टेंबर २०२२ पासून पुण्यात लागू झालेल्या रिक्षाच्या दरात पहिल्या दीड किलोमीटरनंतर प्रत्येक किलोमीटरला सतरा रुपये पडत होते.

रिक्षावाला हवा तेव्हा येत नाही, आला तर नको त्या दिशेला निघालेला असतो, हे खरे. मोटारीच्या किमतीत सोयीची किंमत आहेच, आणि ती द्यावी की नाही हे ज्याचे त्याने ठरवावयाचे. येथवरचा हिशेब चुकला तर घराचेच नुकसान होते. पण या हिशेबात दोन रकमा अशा आहेत, की त्या गळाल्या तर भुर्दंड दुसऱ्यालाच बसतो. त्यांतील पहिली रक्कम शिकण्याची.

सात लाखांची गाडी घेणारे कुटुंब ती चालविण्यास शिकण्यासाठी किती खर्च करते? शिकाऊ परवान्याचे शुल्क दीडशे रुपये, त्याच्या परीक्षेचे पन्नास, पक्क्या परवान्याच्या चाचणीचे तीनशे, परवान्याचे दोनशे. २०१६ च्या अखेरीस ठरलेल्या या दरांची बेरीज सातशे रुपये होते. यात ड्रायव्हिंग क्लासचे सहा-साडेसहा हजार मिळविले तरी शंभर रुपयांच्या गाडीमागे शिकण्यावर एकच रुपया खर्च झाला, असे म्हणता येईल. आणि घासाघीस चालते ती नेमकी या एका रुपयासाठी. संगीतात भिजलेल्या सीटकव्हरवर पंधरा हजार सहज उधळणारा गृहस्थ क्लासवाल्याला मात्र ‘पंधरा दिवसांत होईल ना?’ असे विचारतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम याबाबत मुळीच मोघम नाहीत. खाजगी गाडीचे शिक्षण किमान एकवीस दिवसांचे असावे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालविण्याचे किमान दहा तास भरावेत, असे ते सांगतात. रोज अर्धा तास धरला तर एकवीस दिवसांत साडेदहा तास होतात. म्हणजे एकाहून अधिक दिवस गाळावयास सवड नाही. व्यवहारात मात्र त्या अर्ध्या तासात मागील शिकाऊला घरी सोडणे आणि पुढच्याला घेणे हेही उरकून घेतले जाते. लाल ‘एल’ लावलेल्या त्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही क्लच व ब्रेक असतात. पुष्कळ वेळा गाडी विद्यार्थी चालवीत नसतो, तो केवळ चाक धरून बसलेला असतो. पाऊस, रात्रीचा समोरून येणारा झोत, कात्रजचा चढ, अरुंद बोळातून उलटी गाडी घेणे, यांपैकी काहीही न पाहता त्याचा अभ्यासक्रम पुरा होतो. २०२१ पासून महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या देता येते. ही सोय चांगली आहे. पण ती देताना उमेदवाराच्या शेजारी कोण बसले होते हे कोणी पाहिलेले नसते. पुणेकरांच्या पक्क्या परवान्याची चाचणी भोसरीजवळच्या संगणकीय मार्गावर होते. तेथे चढावर थांबवून गाडी पुन्हा सोडावी लागते, मागे घ्यावी लागते, आणि यंत्राला भीड घालता येत नाही, हे मोठेच हित आहे. तथापि त्या मार्गावर माणसे नसतात. भाजीची पिशवी सांभाळीत अचानक पदपथावरून उतरणाऱ्या आजींची परीक्षा तेथे होत नाही. ती खजिना विहिरीच्या चौकात होते.

२०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ३२,८२५ पायी चालणारी होती. शिक्षणात वाचविलेल्या पैशाची वसुली कोणाकडून होते, हे सांगावयास एवढे आकडे पुरेत.

शिकण्याला किंमत असते हे मानणारे देश आहेत. जर्मनीत परवाना मिळविण्यास दोन-तीन हजार युरो सहज लागतात. गावाबाहेरील रस्त्याचे पाच, महामार्गाचे चार आणि रात्रीचे तीन असे बारा विशेष धडे तेथे सक्तीचे आहेत. पुण्याहून नोकरी-शिक्षणासाठी तेथे स्थायिक झालेल्या तरुणाचा भारतीय परवाना सहा महिनेच चालतो. नंतर त्याला परीक्षेस बसावे लागते, आणि येथे निर्वेधपणे गाडी हाकणारे कितीक तेथे उजवीकडून येणाऱ्याला वाट देण्याच्या नियमापाशी अडखळतात. एवढा खर्च येथे कोणी मागणार नाही. परंतु नियमातील दहा तास खरोखर भरले जावेत, त्यांची नोंद राहावी आणि त्यांतील दोन तरी रात्रीचे असावेत, ही मागणी काही अवास्तव नव्हे.

दुसरी गळालेली रक्कम जागेची. सदाशिवरावभाऊंचे नाव मिरविणारी ही पेठ पालखी, घोडा आणि बैलगाडी यांच्या मापाने वसली. वाडे गेले, इमारती उठल्या, बोळ मात्र तेवढेच राहिले. चार मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद गाडी उभी राहिली की सात चौरस मीटर, म्हणजे पंचाहत्तर चौरस फूट जमीन अडते. येथील घरांना चौरस फुटाला दहा हजार रुपयांच्या खाली भाव सहसा सापडत नाही. तोच धरला तरी गाडीखालच्या जमिनीची किंमत साडेसात लाख होते. गाडी सात लाखांची, आणि तिची सावली साडेसात लाखांची! त्याच पेठेत स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला विद्यार्थी ‘कॉट बेसिस’वर राहतो. सहा फूट बाय तीन फूट, अठरा चौरस फूट, यासाठी तो दरमहा भाडे मोजतो. चार कॉटची जागा अडवून रस्त्यावर उभी असलेली मोटार मात्र काहीच मोजत नाही, आणि महिन्यातील बहुतेक दिवस ती जागची हलतही नाही.

जपानने १९६२ मध्येच कायदा करून जागेचा दाखला नसेल तर गाडी नाही, असे ठरविले. महाराष्ट्राच्या परिवहनमंत्र्यांनी मे २०२५ मध्ये तसाच विचार बोलून दाखविला. पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने मार्च २०१८ मध्ये निवडक रस्त्यांपुरते सशुल्क पार्किंगचे धोरण मंजूर केले. विरोध झाला, आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षे लांबत गेली. ‘रस्ता आमच्या करातूनच झाला आहे’ हा त्या विरोधातील आवडता मुद्दा. कर पायी चालणारेही भरतात, हे त्यात सोयीने विसरले जाते. जुन्या वाड्यातील भाडेकरूला जागा आणावयाची कोठून, ही अडचण मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय म्हणजे फुकटची मुभा नव्हे. रहिवाशाला घरटी एका गाडीपुरता अल्प मासिक शुल्काचा परवाना द्यावा, दुसऱ्या गाडीला तो चौपट लावावा, आणि जमलेला पैसा त्याच गल्लीच्या पदपथावर खर्च होतो हे रहिवाशांना दिसू द्यावे. आज मंडईपर्यंत आणि स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली आहे. पेठेतून तेथवर धडपणे चालत जाता येत नाही, हीच तर तक्रार आहे.

तूर्त पेठेत सम-विषम तारखांच्या पाट्या आहेत. तारीख बदलली की गाडी उचलून नेणारा ट्रक येण्यापूर्वी ती समोरच्या बाजूस न्यावयाची, असा सकाळचा नित्यक्रम आहे. परवाना हाती येऊन महिनाही न झालेला कोणी त्या घाईत मान मागे वळवून गाडी उलटी घेत असतो, मागून हॉर्न वाजत असतात, आणि दप्तरे पाठीवर घेतलेली मुले दोन बंपरांमधल्या हातभर फटीतून शाळेची वाट काढीत असतात.