दहावीची परीक्षा आणि घरातली काळजी



गोवा बोर्डाची दहावीची परीक्षा जवळ आली की शाळेत दरवर्षी तेच दिसते. एरवी मधल्या सुट्टीत पटांगण डोक्यावर घेणारी मुले व्हरांड्यात वही घेऊन उभी राहतात. कुणाचे पोट दुखते, कुणाची झोप उडते. यंदाच्या सराव परीक्षेत एका हुशार मुलीने विज्ञानाची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी दिली. दुसऱ्या दिवशी तेच प्रश्न आम्ही तिला मराठीत, तोंडी विचारले. बहुतेक उत्तरे बरोबर आली.

आपली बरीच मुले चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजीत येतात. दहावीपर्यंत वाचता-लिहिता येऊ लागते, पण घाबरलेल्या माणसाला परकी भाषा आधी सोडून जाते. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवीधर झालो. पुढे इंग्रजीतला पहिला पेपर हाती आला तेव्हा एकच प्रश्न तीनदा वाचल्याचे आजही आठवते. म्हणून आठवीपासून विज्ञान आणि समाजशास्त्रात मुलांनी उत्तर आधी मराठीत सांगावे, मग इंग्रजीत लिहावे, असे आम्ही शिक्षकांना सुचवले आहे. काही पालकांना हे मागे जाणे वाटते. आम्हांला तसे वाटत नाही.

दुसरे कारण घरात आहे, आणि ते लिहिताना थोडा संकोच होतो. डिचोली भागात 2012 साली खाणी थांबल्या, 2018 च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. अलीकडे काही ठिकाणी काम सुरू झाले आहे, तरी दारात उभा राहिलेला ट्रक ज्यांनी पाहिला त्यांची धास्ती गेलेली नाही. पूर्वी दहावीनंतर खाणीवर काहीतरी काम मिळेल असा भरवसा असे. आता सगळी भिस्त गुणांवर. पेडण्यात मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला. तिथे कुणाला नोकरी लागली, कुणाला नाही, याची चर्चा जेवताना होते आणि ताटावर बसलेले मूल ती मुकाट्याने ऐकते. पालकांची काळजी खोटी नाही. पण ती मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावी, आणि शेजारच्या मुलाची टक्केवारी तर घरात काढूच नये.

विद्यार्थ्यांना दोन-तीन गोष्टी सांगतो. नीटसारख्या परीक्षेत चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो, बोर्डाच्या पेपरात तसे नाही. तेव्हा येईल तेवढे लिहा, प्रश्न कोरा सोडू नका. परीक्षा केंद्र दुसऱ्या शाळेत असले तर आदल्या आठवड्यात एकदा जाऊन वर्ग आणि बसची वेळ पाहून या. एखादा विषय राहिलाच तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा असते. शिगम्यात एक संध्याकाळ मेळ बघायला गेलात तर आम्ही रागावणार नाही, मात्र रात्रीची झोप मोडू नका. फारच जड वाटू लागले तर वर्गशिक्षकांना सांगा. 14416 या टेलिमानसच्या क्रमांकावर दिवसरात्र कुणाशी तरी मोफत बोलता येते, पालकांनीही बोलावे.

विश्वस्त मंडळींना एक विनंती आहे. निकालानंतर फाटकावर पहिल्या तिघांच्या फोटोंचा मोठा फलक आपण लावतो. देणगीदारांना तो आवडतो, आम्हीही त्याच्याजवळ उभे राहून फोटो काढले आहेत. पण उरलेली मुले गुणपत्रिका घ्यायला त्याच फाटकातून आत येतात. यंदा फलकाऐवजी उत्तीर्ण झालेल्या सर्वांची नावे, टक्केवारी न घालता, सूचना फलकावर लावावीत आणि फलकाच्या पैशातून पुरवणीला बसणाऱ्या मुलांसाठी मे महिन्यात वर्ग चालवावेत, असा प्रस्ताव आम्ही पुढील बैठकीत मांडणार आहोत.