घोड्यावरचा आणि घोड्यामागचा

शर्यतीचे मैदान हा श्रीमंतांचा शौक, तिथे कामगार चळवळीचे काय काम, असे आपल्यातले पुष्कळजण म्हणतील. आम्हीही तसेच समजत होतो. पण घोडा आपोआप पळत नाही. भल्या पहाटे उठून त्याला खरारा करणारा, दाणापाणी देणारा मोतद्दार कामगारच आहे, आणि पाठीवर बसून हाडे मोडून घेणारा जॉकीही पोटासाठीच बसतो.

इंग्लंडात डिसेंबर १९६३ मध्ये टिम ब्रुकशॉ हा नावाजलेला जॉकी लिव्हरपूलच्या मैदानावर पडून लुळा झाला. पुढच्याच मार्चमध्ये त्याच मैदानावर, ग्रँड नॅशनल शर्यतीत, पॅडी फॅरेलचा कणा मोडला. त्याच्या घरी चार लहान मुले होती. भरपाई म्हणून जे हाती येणार होते त्यात संसार चालणे शक्य नव्हते. तेव्हा शर्यतीतल्याच लोकांनी १९६४ मध्ये या दोघांच्या नावाने निधी उभा केला. तोच पुढे इंजर्ड जॉकीज फंड झाला. नाताळची भेटकार्डे विकून आणि देणग्या घेऊन चालणारा हा निधी आजवर हजारावर जॉकी आणि त्यांच्या घरच्यांच्या उपयोगी पडला आहे. लॅम्बोर्न, माल्टन आणि न्यूमार्केट येथे त्याची उपचारकेंद्रे आहेत.

आम्हाला यात नवल वाटले नाही. आमच्यातला कोणी गँगमन गाडीखाली आला की पगाराच्या दिवशी रुमाल पसरला जातो. आदल्या दिवशी उसने घेतलेलाही त्यात नोट टाकतो. मात्र रुमाल पसरला म्हणून आम्ही भरपाईचा दावा सोडत नाही. कामावर जखमी झालेल्याला भरपाई हे तत्त्व आपल्या देशात १९२३ पासून कायद्यात आहे.

आणि मोतद्दाराचे काय? त्याच इंग्लंडात १९७५ साली तबेल्यांतल्या पोरांनी पगारवाढीसाठी संप केला. ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियन त्यांच्या पाठीशी होती. मे महिन्यात न्यूमार्केटला ही पोरे धावपट्टीवर आडवी आली, तेव्हा प्रेक्षकांतले काहीजण त्यांच्या अंगावर धावून गेले. काही जॉकीही त्यांच्या विरोधात उभे राहिले, हे लिहिताना आम्हाला वाईट वाटते. जॉकी पडला तर सारे मैदान पाहते. तबेल्यात लाथ बसून बरगडी मोडली तर ती कोण पाहणार? आता तिकडे तबेल्यातल्या कामगारांसाठी रेसिंग वेल्फेअर ही धर्मादाय संस्था काम करते, ही चांगली गोष्ट आहे.

आपल्याकडे मुंबईत महालक्ष्मीला हिवाळ्यात आणि पुण्यात पावसाळ्यात शर्यती होतात. २०२० च्या टाळेबंदीत त्या बंद पडल्या, पण घोड्याचे पोट बंद पडत नाही. तबेल्यातले काम चालूच राहिले.

मुंबई आणि पुण्याच्या शाखांना आमची विनंती आहे की एखाद्या सकाळी तबेल्यांकडे जावे. मोतद्दाराचे नाव हजेरीपटावर आहे का, त्याचा प्रॉव्हिडंट फंड भरला जातो का, आणि हंगाम संपल्यावर त्याची चूल कशावर पेटते, हे त्यालाच विचारावे. वर्गणीची पावती पहिल्याच भेटीत पुढे करू नये.