यंत्र आले, म्हणून कारागिरी गेली?

१/ ‘यंत्र आले आणि कारागिरी संपली’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ते असत्य नाही, पण अपुरे आहे. हाताने फिरवायच्या एका जुन्या अमेरिकी यंत्राच्या आधारे हा अपुरेपणा दाखवण्याचा या धाग्यात प्रयत्न आहे.

२/ प्रथम या वाक्याची खरी बाजू. इंग्लंडमधील पोर्ट्समथच्या नौदल गोदीत मार्क ब्रुनेल यांनी योजलेली व हेन्री मॉडस्ली यांनी घडवलेली यंत्रे जहाजांसाठी लाकडी कप्प्या तयार करीत. १८०८ मध्ये तेथे सुमारे १,३०,००० कप्प्या निघाल्या. ११० कारागिरांचे काम १० माणसांवर आले, असा हिशेब इतिहासग्रंथ देतात.

३/ आता दुसरे यंत्र. कनेक्टिकटमधील न्यू ब्रिटन येथील स्टॅन्ली कंपनीचे ‘क्रमांक ७७’ १९११ च्या सुमारास बाजारात आले आणि १९६० च्या दशकापर्यंत विकले गेले. त्याचे काम एकच : डॉवेल, म्हणजे दोन लाकडे जोडणारी गोल खुंटी, ज्या दांडीतून कापतात ती दांडी तयार करणे.

४/ त्याची रचना साधी आहे. चौकोनी पट्टी एका बाजूने आत सरकवायची आणि हँडल फिरवायचे. दातेरी चाकांमुळे पात्याचे शीर्ष पट्टीभोवती फिरते, रूळ पट्टीला पुढे ओढतात आणि दुसऱ्या बाजूने गोल दांडी बाहेर येते. पाव इंच, अर्धा इंच, पाऊण इंच अशा प्रत्येक जाडीसाठी शीर्ष वेगळे.

५/ हे वर्णन वाचून वाटते की कौशल्य यंत्रात गेले, माणसाकडे उरले केवळ हँडल. घरच्या कार्यशाळेत हे यंत्र चालवणाऱ्याचा अनुभव मात्र उलट असतो. पाते केसभर आत सरकले की दांडी सैल बसते, केसभर बाहेर राहिले की छिद्रात शिरत नाही. धार बोथट असेल, तर तंतू कापले न जाता उपटले जातात.

६/ सर्वांत कडक परीक्षा लाकडाची होते. तिरप्या तंतूंची पट्टी यंत्रात फाटते; सरळ तंतूंची गुळगुळीत निघते. म्हणून जाणकार पट्टी करवतीने कापण्याऐवजी पाचर ठोकून फोडतात. करवत आखलेल्या रेषेने जाते, पाचर बहुतांशी तंतूंच्या वाटेने. अशा लाकडाच्या खुंटीत तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात, म्हणून ती सहजी मोडत नाही.

७/ आक्षेप रास्त आहे : तयार डॉवेल बाजारात स्वस्त मिळतात, मग हा खटाटोप कशासाठी? बाजारात ठरावीक लाकूड व ठरावीक जाडी मिळते. अक्रोडाच्या खुर्चीला अक्रोडाचीच खुंटी हवी असेल, किंवा जुन्या छिद्राचे माप आजच्या मापांत बसत नसेल, तर निवड आपल्या हाती असावी लागते. ७७ ती निवड देते.

८/ येथे गांधीजींचे स्मरण होते. १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना त्यांनी सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद मान्य केला होता. ते यंत्र कारखान्यातच बनणार, हेही त्यांनी नाकारले नाही. ७७ सुद्धा कारखान्यातच बनले. तेव्हा ‘यंत्र की हात’ यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की यंत्रासमोर बसलेल्या माणसाकडे निर्णय किती उरतो? पोर्ट्समथमध्ये फार थोडा उरला. ७७ समोर पुष्कळ उरतो.

९/ म्हणून माझे मत स्पष्ट आहे. अशी यंत्रे केवळ संग्राहकांच्या कपाटात ठेवणे म्हणजे दस्तऐवज जपून त्याची लिपी विसरणे होय. बिडाचे ओतकाम तेल लावून शंभर वर्षे टिकेल. पाते कसे बसवावे आणि लाकूड कसे निवडावे हे ज्ञान मात्र वापराविना एका पिढीत नाहीसे होते.

१०/ ज्यांच्याकडे असे यंत्र आहे, त्यांनी ते चालवावे, मूळ भाग न घासता, न बदलता. आणि जे हाताला कळले ते लिहून ठेवावे. कंपनीचा कॅटलॉग यंत्र काय करते एवढेच सांगतो. ते माणसाकडून काय मागते, हे वापरणाराच सांगू शकतो. (समाप्त)