उघाडी आणि कॅमेरा

‘स्वतः निर्णय घेणारं शहर’ हे शब्द हल्ली फार कानावर पडतात. गर्दी पाहून सिग्नल वेळ बदलणार, नाले भरण्याआधी इशारा देणार, मेट्रो चालकाविना धावणार. दिल्लीच्या मॅजेंटा लाइनवर 2020 पासून ती धावतेही. माझा विरोध नाही. पण मी खांदा कॉलनीत राहतो, आणि शेजारच्या कळंबोलीत अशा शहराचे दोन नमुने आधीच आहेत.

पहिला, कळंबोलीहून सुटणारा पुण्याचा द्रुतगती मार्ग. जुलै 2024 पासून तिथे कॅमेरे गाड्यांवर नजर ठेवतात. मोटारीने सपाटीवर 100 किंवा घाटात 60 ची मर्यादा ओलांडली की नंबर टिपला जातो, चलान थेट मोबाइलवर. योग्यच आहे, या रस्त्यावर किती घरांचे कर्ते गेलेत!

दुसरा नमुना जुना, बिनविजेचा. खाडीकाठच्या खारजमिनीत आगरी आणि कोकणी मुसलमान शेतकरी बांधाला ‘उघाडी’ ठेवत. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दार मिटायचं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडायचं. ना सेन्सर, ना संगणक. नवी मुंबई वसवताना सिडकोने हेच तत्त्व होल्डिंग पाँडना लावलं. दारं मिटलेली असताना पडणारा पाऊस तलावात थांबायचा आणि ओहोटीला खाडीत जायचा. सखल कळंबोली वसली ती याच भरवशावर.

मग पाणी तुंबतं का? तलावांत गाळ साचला, त्यावर खारफुटी वाढली. तिला उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाचं संरक्षण आहे आणि ते हवंच. पण खारफुटी रुजेल इतका गाळ साचू दिला कोणी? उघाडीचं दारही आपोआपच चालायचं, तरी फळी कुजली किंवा चिखल अडकला तर गावातलं कोणीतरी जाऊन पाहायचं. खारं पाणी शिरलं तर साऱ्यांचंच भात जाणार होतं ना!

इथे हिशेब वेगळा आहे. चलान चुकलं तर सरकारचा महसूल बुडतो. पाणी चढलं तर भिजतो तो लोकांचा फ्रिज, दुकानातला माल, मुलांची दप्तरं.

भरतीची वेळ तर वर्षभर आधी छापलेली असते. मोबाइलवर चलान पोचतं, तसं पावसाळ्यात एवढंही पोचवा: तलावात आज किती पाणी मावेल, दारं नीट मिटतात का, गाळ शेवटचा कधी काढला, आणि हे बघण्याचं काम कोणाचं आहे.