मरोद्याच्या विद्यार्थ्याने कोणता इतिहास लिहावा?

भिलाई येथे लोह-पोलाद उद्योग स्थापन होण्याची कारणे लिहा, हा प्रश्न शालेय भूगोलात पिढ्यान्‌पिढ्या विचारला जात आला आहे आणि त्याचे उत्तरही ठरून गेले आहे. दल्ली-राजहराचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, हिर्रीचा डोलोमाइट, झरिया व कोरबा येथील कोळसा, तांदुळा जलाशयाचे पाणी, मुंबई-हावडा लोहमार्ग. आणि यादीच्या शेवटी ‘स्वस्त व मुबलक मजूर’. भिलाईच्या पोलाद वसाहतीतील मरोद्याचा विद्यार्थीही हेच उत्तर पाठ करतो, लिहितो व गुण मिळवतो. ज्याला आपण खनिज आणि चुनखडक यांच्या रांगेत बसवले तो ‘स्वस्त मजूर’ म्हणजे आपला आजा, आपला बाप किंवा शेजारच्या घरातील कंत्राटी कामगार आहे, हे त्याच्या लक्षात येऊ नये अशीच जणू त्या उत्तराची रचना आहे.

शाळेतील इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि भाषा हे विषय आज सर्वत्र दुय्यम लेखले जातात. मुलगा हुशार असेल तर विज्ञान, बेताचा असेल तर वाणिज्य, आणि काहीच जमले नाही तर कला शाखा, ही उतरंड मध्यमवर्गाने घातली आणि कामगारवर्गाने ती निमूटपणे स्वीकारली. चळवळीतील कार्यकर्त्यांची घरेही तिला अपवाद नाहीत. भिलाईसारख्या शहरात तर अभियांत्रिकीच्या प्रवेश परीक्षेची शिकवणी हाच शिक्षणाचा अर्थ होऊन बसला आहे. विज्ञानाला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पोलादाच्या गावात तो असूच शकत नाही. परंतु भट्टीचे तापमान मोजता येणाऱ्या तरुणाला भट्टीवर कोणाची मालकी आहे, कोणाचे श्रम आहेत आणि कोणाची जमीन आहे हे विचारता येत नसेल, तर त्याचे शिक्षण अर्धे राहिले असे म्हणावे लागेल.

पुस्तकातून वगळलेली पाने

मानव्यविद्यांचा ऱ्हास आपोआप झालेला नाही. प्रथम हे विषय घोकंपट्टीचे करण्यात आले. कारणे, परिणाम, गुणदोष आणि थोडक्यात टिपा यांत त्यांचे तुकडे पाडण्यात आले. मुलांना त्यांचा कंटाळा आल्यावर ‘या विषयांचा उपयोग काय’ असे विचारले जाऊ लागले. आणि उपयोग नाही असे ठरल्यावर त्यांतील नको ती पाने काढून टाकणे सोपे झाले.

२०२२ साली कोविडच्या काळात बुडालेल्या अभ्यासाचा भार हलका करण्याच्या नावाखाली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पाठ्यपुस्तकांना कात्री लावली. बारावीच्या इतिहासातून मोगल दरबारावरील प्रकरण गेले आणि त्यावर देशभर वादंग माजले, ते योग्यच होते. परंतु त्याच कात्रीने अकरावीच्या जागतिक इतिहासातून औद्योगिक क्रांतीचे प्रकरण वगळले, बारावीच्या राज्यशास्त्रातून जनआंदोलनांच्या उदयाचे प्रकरण वगळले आणि दहावीच्या पुस्तकातून जनसंघर्ष व चळवळी यांवरील धडा वगळला, याची चर्चा त्या मानाने फारच थोडी झाली. यंत्राने माणसाच्या श्रमाचे काय केले आणि त्या श्रमिकाने संघटित होऊन काय मिळवले, नेमका हाच भाग भार ठरावा, हा योगायोग समजणे भोळेपणाचे होईल.

पोलाद कारखान्याच्या सावलीत शिकणाऱ्या मुलाला औद्योगिक क्रांती शिकवायची नाही, तर मग ती कोणाला शिकवायची?

स्वतःच्या परिसराचे न लिहिलेले धडे

भिलाईचा कारखाना २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला आणि त्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पाश्चात्त्य मक्तेदारांच्या अटींवर अवलंबून न राहता सार्वजनिक क्षेत्रात मूलभूत उद्योग उभारता येतो, हे या कारखान्याने सिद्ध केले. ही अभिमानाची गोष्ट शिकवली गेलीच पाहिजे. पण तिच्याबरोबर दुसरी बाजूही शिकवली गेली पाहिजे.

मरोद्याचा जलाशय पाहा. या जलाशयातून कारखान्याला पाणी पुरवले जाते. ते ज्या तांदुळा प्रकल्पातून येत गेले तो ब्रिटिश अमदानीत शेतीच्या सिंचनासाठी बांधलेला होता. कालव्याच्या शेवटच्या टोकावरील शेतकऱ्याच्या वाट्याला त्यानंतर काय आले, हा भूगोलाचा प्रश्न आहे. पाण्यावर पहिला हक्क कोणाचा, हा नागरिकशास्त्राचा. आणि तो निर्णय केव्हा व कोणी घेतला, हा इतिहासाचा. एका तळ्याच्या काठावर उभे राहून तिन्ही विषय शिकता येतात. मात्र त्या तळ्यावर कोणी प्रश्न काढत नाही.

दल्ली-राजहराचे नाव लोहखनिजासाठी पाठ करून घेतले जाते. त्याच दल्ली-राजहरात १९७७ च्या २ व ३ जून रोजी कंत्राटी खाणकामगारांवर गोळीबार झाला आणि अकरा जणांचे प्राण गेले. त्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून उभारलेले शहीद रुग्णालय ३ जून १९८३ रोजी सुरू झाले. त्या चळवळीचे नेते शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली, आणि १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक माणसे मारली गेली. ती संघटना आपली होती की दुसऱ्याची, तिच्याशी आपले मतभेद कोणते होते, हा प्रश्न येथे गौण आहे. या घटना या परिसराचा इतिहास आहेत आणि मरोद्याच्या विद्यार्थ्याला तो माहीत असण्याचा अधिकार आहे.

सोनाखानच्या वीर नारायणसिंहांची गोष्टही अशीच आहे. १८५६ च्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार उघडून त्यांनी ते उपाशी रयतेत वाटले. १० डिसेंबर १८५७ रोजी इंग्रजांनी त्यांना रायपूर येथे मृत्युदंड दिला. त्यांची स्मृती जनतेत पुन्हा जागी करण्याचे मोठे काम दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी केले. आज नवा रायपुरात त्यांच्या नावाचे क्रिकेटचे भव्य मैदान आहे. नाव राहिले, कोठाराचा प्रश्न मात्र सोयीस्करपणे मागे पडला.

राजनांदगावचा दाखला

शालेय इतिहासाच्या पुस्तकाची सत्तेला केवढी धास्ती वाटते, याचा दाखला भिलाईपासून फार दूर नाही. गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरात जन्मलेले हिंदीचे थोर कवी. मराठी कवी व मार्क्सवादी समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध हे त्यांचे बंधू. गजानन माधव १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक होते. राजनांदगाव त्या वेळी दुर्ग जिल्ह्यातच मोडत असे. तेथे असताना त्यांचे ‘भारत : इतिहास और संस्कृति’ हे विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले. धार्मिक भावना दुखावल्याची ओरड करण्यात आली आणि १९६२ साली मध्य प्रदेशच्या काँग्रेस सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. दोन वर्षांनी, ११ सप्टेंबर १९६४ रोजी, मुक्तिबोध निवर्तले.

ज्यांच्या कविता दुर्बोध म्हणून बाजूला सारल्या जात त्या कवीवर सरकारचा घाव पडला तो एका पाठ्यपुस्तकासाठी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. कविता थोडे लोक वाचतात. पाठ्यपुस्तक घराघरात जाते. राज्यकर्त्यांना हे नेहमीच कळते. १९७८ साली जनता पक्षाच्या राजवटीत रामशरण शर्मा यांचे प्राचीन भारतावरील शालेय पुस्तक मागे घेण्यात आले, तेव्हाही हेच दिसले. सरकारे बदलली, पक्ष बदलले, परंतु चिकित्सक इतिहासाविषयीची भीती बदलली नाही. जे विषय निरुपयोगी आहेत असे आपल्याला सांगितले जाते, त्यांच्याच पुस्तकांवर बंदी का येते, याचे उत्तर ‘कला शाखेचा उपयोग काय’ असे विचारणाऱ्यांनी द्यावे.

आपल्या घरचा इतिहास

मराठी वाचकाने या प्रश्नाकडे केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवून पाहू नये. ‘मराठ्यांचा राज्यविस्तार’ हा आपल्याकडील निबंधाचा आवडता विषय. नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याने १७४१ च्या सुमारास रतनपूर जिंकले, १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथे राहून कारभार पाहत होते, आणि १७८७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर नागपूरहून नेमलेल्या सुभेदारांचा अंमल सुरू झाला. पुण्यात किंवा नागपुरात हा पराक्रमाचा अध्याय ठरतो. पण छत्तीसगडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो दूरच्या राजधानीला वसूल पोचवणाऱ्या कारभाराचाही अध्याय आहे. भिलाईतील मराठी कुटुंबातील मूल आणि त्याच्या बाकावर बसणारे छत्तीसगढी मूल, दोघांनीही दोन्ही बाजू शिकल्या पाहिजेत. ज्या इतिहासात रयत नाही तो फक्त वंशावळ होय.

ही दृष्टी आपल्या परंपरेला परकी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुल्यांनी खेड्यातील मुलांसाठी अभ्यासक्रम सुचवला. त्यात मोडी व बाळबोध लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्या जोडीला सामान्य इतिहास व भूगोल यांनाही त्यांनी जागा दिली होती. शेतकऱ्याच्या पोराला फक्त हुन्नर पुरे, असे फुल्यांनी मानले नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या आसपासची खेडी पायी धुंडाळून, तेथील देवदेवता व चालीरीती यांतून इतिहास वाचण्याची पद्धत दाखवली. आणि कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या ‘शिवाजी कोण होता?’ या १९८८ च्या छोट्या पुस्तिकेने रयतेच्या बाजूने शिवाजी महाराजांकडे कसे पाहावे हे सामान्य वाचकाला समजावले. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या व चार दिवसांनी त्यांचे निधन झाले. इतिहासाचे लेखन निरुपद्रवी असते असे यानंतर कोणी म्हणू नये.

काय करावयाचे?

पहिली गोष्ट, वगळलेली प्रकरणे पूर्ववत करावीत, सामाजिक शास्त्रांच्या व भाषांच्या शिक्षकांची रिकामी पदे भरावीत आणि या विषयांची पुस्तके शाळांच्या ग्रंथालयांत उपलब्ध करावीत, ही मागणी शिक्षक, पालक व विद्यार्थी संघटनांनी कामगारांच्या इतर मागण्यांच्या बरोबरीने मांडली पाहिजे. तिला शोभेचे कलम करून ठेवू नये.

दुसरी गोष्ट मागणीपुरती थांबणारी नाही. जेथे शाळा शिकवत नाही तेथे वस्तीने शिकवले पाहिजे. कारखान्यासाठी कोणत्या घराची जमीन गेली, मोबदला किती मिळाला, नोकरी कोणाला लागली व कोण आयुष्यभर कंत्राटावर राहिले, स्त्रियांच्या वाट्याला कोणते काम आले, हे सांगू शकणारी पिढी आता थकत चालली आहे. आठवी-नववीच्या मुलांनी वहीपेन्सिल घेऊन त्यांच्याकडे जावे, ऐकलेले स्वतःच्या शब्दांत लिहावे, घरी मराठी बोलत असतील त्यांनी मराठीत, छत्तीसगढी बोलत असतील त्यांनी छत्तीसगढीत; आणि दोन सांगण्यांत तफावत आढळली तर कागदपत्रांशी ताडून पाहावे. अभ्यास मंडळांनी हे काम हाती घेतल्यास एका वर्षात मरोद्याचा इतिहास उभा राहील.

तिसरी गोष्ट आपल्या घरातील आहे. मुलगा वा मुलगी इतिहास किंवा साहित्य शिकू इच्छिते तेव्हा ‘त्यात काय ठेवले आहे’ हे वाक्य कार्यकर्त्याच्या तोंडून येता कामा नये. उद्याच्या कामगार संघटनेला पगारपत्रक वाचणारा जसा लागेल तसाच करारनामा, कायदा आणि वर्तमानपत्राच्या दोन ओळींमधला अर्थ वाचणाराही लागेल.

‘भिलाई येथे उद्योग का स्थापन झाला?’ या प्रश्नाचे उत्तर मरोद्याच्या विद्यार्थ्याने जरूर लिहावे. खनिज लिहावे, चुनखडक लिहावा, पाणी लिहावे. पण ‘स्वस्त मजूर’ या शब्दांपाशी येताच त्याची लेखणी थबकली पाहिजे, आणि मजूर स्वस्त कोणी केला, हा पुढचा प्रश्न त्याने स्वतःच लिहिला पाहिजे. त्या प्रश्नाला परीक्षेत गुण मिळणार नाहीत. परंतु शिक्षणाला खरा प्रारंभ तेथूनच होईल.