पॅरिसचा उन्हाळा व घरची चूल

परदेशगमन ही आतां आपल्या समाजांत नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. समुद्रपर्यटनाबद्दल प्रायश्चित्त घेण्याचे दिवस केव्हांच मागें पडले, परतलेल्या गृहस्थास आतां विचारतात तें इतकेंच, "किती देश केलेत?" बारा दिवसांत सहा देश 'करून' आलेले आमचे कित्येक स्नेही आहेत. त्यांच्यापाशीं छायाचित्रांचा संग्रह मोठा असतो. पण कोणता राजवाडा कोणत्या शहरीं पाहिला हें सांगतांना पतिपत्नींत एकवाक्यता नसते. यंदाच्या उन्हाळ्यांत आम्ही उभयतां पॅरिसला जाण्याचें योजीत आहों, आणि त्या एकाच शहरीं दहा दिवस राहणार आहों. हा बेत ऐकून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. म्हणून त्यामागील विचार वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम काळाचा विचार. तेथील उन्हाळा जूनमध्यें सुरू होऊन ऑगस्टअखेर संपतो. ऑगस्टांत खुद्द पॅरिसकरच गांव सोडून समुद्रकांठीं अथवा खेड्यापाड्यांत जातात, व गल्लींतील पाववाल्यापासून लहानसान खाणावळींपर्यंत अनेक दुकानांस कित्येक आठवडे कुलूप लागतें. उलट जूनच्या उत्तरार्धांत शहर जागें असतें. पॅरिस सुमारें ४९ अक्षांशांवर असल्यामुळें त्या दिवसांत सूर्यास्त रात्रीं दहाच्या सुमारास होतो. सायंसंध्या करणारानें जेवण आधीं उरकावें कीं मागून, हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रकारांपुढें आला नसावा! २१ जूनला तेथें संगीताचा उत्सव असतो. १९८२ पासून ही प्रथा चालू असून त्या दिवशीं चौकाचौकांत लोक वाद्यें घेऊन उभे राहतात, व ऐकणारास पैसा पडत नाहीं.

मात्र 'युरोप म्हणजे थंडी' हा समज सोडावा. २५ जुलै २०१९ रोजीं पॅरिसांत ४२.६ अंश सेल्सिअस उष्णतामान झालें होतें. २००३ च्या ऑगस्टांतील उष्म्यानें फ्रान्समध्यें सुमारें १५,००० माणसें दगावलीं, व त्यांत बहुतेक वृद्ध होतीं. तेथील जुन्या घरांत व लहान हॉटेलांत गार हवेचें यंत्र सोडाच, पंखाही पुष्कळदां नसतो. साठी उलटलेल्यांनीं खोली ठरवितांना ही चौकशी आधीं करून उत्तर लेखी घ्यावें. जिन्याला पर्याय म्हणून लिफ्ट आहे कीं नाहीं, हेंही त्याच पत्रांत विचारावें.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधींपासून करतां येतो, व निदान पंधरा दिवस आधीं तरी करावाच लागतो. उन्हाळा जवळ आला म्हणजे अर्ज देण्याची वेळ मिळणेंच दुर्घट होतें. तेव्हां फेब्रुवारी-मार्चमध्येंच कागद हलवावे. आजारपणाचा निदान ३०,००० युरोंचा विमा सक्तीचा आहे.

आतां मुख्य मुद्दा. आमच्या बेताची बातमी फुटतांच हितचिंतकांच्या सूचना आल्या. एकानें स्वयंपाकघरासह घर भाड्यानें घेण्यास सांगितलें, दुसऱ्यानें कुकर नेण्यास, तिसऱ्यानें भाजणी, मेतकूट व पिठल्याचें पीठ बांधून घेण्यास. ह्या सर्व सूचनांचा अर्थ एकच कीं, पॅरिसलाही सकाळसंध्याकाळ कोणी तरी उभें राहून रांधावयाचें. आणि हें 'कोणी तरी' कोण, तें सांगावयास नको. आपल्याकडील यात्रांत काशीपासून रामेश्वरापर्यंत पुरुषांस देवदर्शन घडत आलें व बायकांस स्टोव्हदर्शन! आमच्या संसारास अडतीस वर्षें झालीं. बाळंतपणें व दुखणीं वगळलीं तर ओळीनें दहा दिवस दुसऱ्यानें रांधलेलें ताट सौभाग्यवतींपुढें आलें, असें एकदांही घडलेलें नाहीं. म्हणून आम्हीं स्वयंपाकघर नसलेली खोलीच मुद्दाम पसंत केली आहे. त्यावर त्या म्हणाल्या, "माझं काय, मला चालेल. पण तुमचं कसं व्हायचं? वरणभाताशिवाय तुम्हांला झोंप येत नाहीं." प्रश्न रास्त आहे. परंतु दहा रात्रींच्या झोंपेच्या मोबदल्यांत एका माणसास दहा दिवसांची विश्रांति मिळत असेल, तर सौदा महाग नव्हे.

शाकाहार तेथें अशक्य नाहीं, पण सावधपण हवें. तेथील सुप्रसिद्ध कांद्याचें सूप बहुधा गोमांस उकळलेल्या पाण्यांत करतात. जुन्या पद्धतीच्या कित्येक चीजांत दूध विरजण्यासाठीं वासराच्या जठरांतील द्रव्य घालतात. उलट पाव, फळें, भाज्या व कोशिंबिरी विपुल मिळतात, आणि खाणावळींत साध्या पाण्याची सुरई मागितल्यास फुकट देतात. ला शापेल ह्या भागांत तामिळ लोकांची वस्ती असल्यामुळें तेथें इडली-डोसा मिळतो. त्याच भागांत गणपतीचें देऊळही आहे. घरून सुकी चटणी व चिवडा न्यावा. परंतु तूप, पेढे इत्यादि दुधाचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून आणण्यास प्रवाशांस मनाई आहे, हें ध्यानांत ठेवावें.

भाषेचे चार शब्द अवश्य शिकावे. दुकानांत पाऊल टाकतांच "बोंझूर" न म्हणतां वस्तु मागणें तेथें असभ्यपणाचें समजतात. आपल्या 'तूं' व 'आपण' प्रमाणें त्यांच्यांतही 'त्यु' व 'व्हू' असा भेद आहे. परक्यानें 'व्हू' म्हणावें. "सां व्हियांद" म्हणजे मांसाशिवाय, "सां प्वासों" म्हणजे माशाशिवाय. येथें उच्चार जपावा. कारण 'प्वासों' म्हणजे मासा, तर 'प्वाझों' म्हणजे विष! शाकाहाऱ्यास दोन्ही वर्ज्यच असल्यानें घोटाळा झाला तरी अनर्थ होणार नाहीं. हा पाठ आम्ही रोज सायंकाळीं अर्धा तास घोकतों. त्यांत सौभाग्यवतींची प्रगति आमच्याहून सरस आहे.

स्थळें पाहण्याविषयीं आमचा नियम असा: रोज सकाळीं एकच मोठें स्थळ, मग विश्रांति, व सायंकाळीं नदीकांठ. लूव्र संग्रहालय मंगळवारीं व ओर्से सोमवारीं बंद असतें. १५ एप्रिल २०१९ च्या आगींत होरपळलेलें नोत्र-दाम मंदिर डिसेंबर २०२४ मध्यें पुन्हा उघडलें. तेथें प्रवेशास मूल्य नाहीं. भुयारी रेल्वेच्या पुष्कळ स्थानकांत जिने फार आहेत, तेव्हां गुडघे दुखणारांनीं बस धरावी. तींतून शहरही दिसतें. वाटेंत तहान लागल्यास हिरव्या रंगाच्या बिडाच्या पाणपोया दिसतील. रिचर्ड वॉलेस नांवाच्या इंग्रज गृहस्थानें १८७२ मध्यें त्या शहरास दिल्या, व पाणी अद्यापि वाहतें आहे.

आम्हांस स्वतःस ओढ आहे ती कोलेज द फ्रान्स ह्या विद्यापीठाची. युरोपांतील संस्कृतचें पहिलें अध्यासन १८१४ मध्यें येथें निर्माण झालें. मराठी भाषेच्या घडणीवर मोलाचा ग्रंथ लिहिणारे झ्यूल ब्लोक पुढें ह्याच संस्थेंत अध्यापक होते. त्यांच्या ग्रंथाचें मराठी भाषांतरही झालेलें आहे. उन्हाळ्यांत तेथें व्याख्यानें नसतात. तरी त्या दारापुढें क्षणभर उभें राहावें, एवढीच आमची इच्छा आहे.

प्रवासाचा खर्च लहान नाहीं. पुष्कळांच्या तर तो आयुष्यभराच्या शिलकेंतून जातो. म्हणूनच तिकिटें काढण्यापूर्वीं प्रत्येक घरांत एक प्रश्न उघडपणें विचारला जावा, असें आम्हांस वाटतें: ह्या प्रवासांत सुट्टी कोणाकोणाला आहे? उत्तर 'दोघांनाही' असें आलें, तर खुशाल निघावें.