कूस रिकामी झाली, पण रजा कुणाला?

इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून सरकार एक प्रमाणपत्र देते. 24 आठवड्यांच्या आत गर्भ गमावलेल्या पालकांना ते मोफत मिळते. त्याला कायदेशीर वजन नाही. पण तुमचे बाळ होते आणि ते गेले, एवढे शासन मान्य करते. न्यूझीलंडने 2021 मध्ये अशा आईला आणि तिच्या जोडीदारालाही तीन दिवसांची पगारी रजा दिली.

मग भारत मागे आहे का? कागदावर नाही. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार मृत जन्माचीही नोंद होते. मात्र 28 आठवड्यांच्या आत गेलेल्या गर्भाला त्या नोंदीत जागा नाही. आणि दुकाने-कार्यालयांत रजा मिळते ती दहा किंवा अधिक कामगार असतील तरच.

धुणीभांडी करणारी, ऊसतोडीला गेलेली, मजूर नाक्यावर उभी राहणारी आपली बहीण यात कुठे बसते? आम्ही वस्त्यांत काम करताना पाहतो, चार दिवसांत ती पुन्हा कामावर असते, कारण खाडा झाला की पैसे कापले जातात. घरात 'होईल पुन्हा' म्हणून विषय संपतो. काही ठिकाणी तर तिलाच पांढऱ्या पायाची ठरवतात.

हे दुःख आपल्याला परके नाही. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार लेकरे गमावली. 1926 मध्ये राजरत्न गेला. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी सांगितले, की या खर्चाचा मोठा भार शासनाने उचलावा. आजच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. खर्च मालकावर टाकला, की जिला ठरलेला मालकच नाही ती बाई सुटते.

म्हणून आमची मागणी प्रमाणपत्रापुरती नाही. असंघटित कामगार स्त्रीला बाळ गमावल्यानंतरच्या सहा आठवड्यांची मजुरी शासनाने द्यावी.

आणि आपण? तथागतांनी किसा गोतमीला मोहरी आणायला घरोघर पाठवले, तेव्हा प्रत्येक घराने तिला आपले दुःख सांगितले. आपल्या विहारांत मोठ्या माणसाचे पुण्यानुमोदन होते, न जन्मलेल्या बाळाचे मात्र नावही निघत नाही. 15 ऑक्टोबरला अनेक देशांत अशा बाळांचे स्मरण होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्याच दिवशी एक मेणबत्ती लावून त्या आयाबापांना बोलू देऊ या. त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहायला नको.

जयभीम!